लेकीच्या बाळंतपणाला इंग्लंडला जाताना: बाळाच्या दुधाबाबत गोव्याची रीत आणि तिथली रीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोली तालुक्यातल्या एका आईची लेक इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. पहिलटकरीण आहे, दिवस पुढच्या महिन्यात भरतात. आई तीन महिने मदतीला जाणार आहे. लेकीने आधीच बजावले आहे की मध, गुटी, वरचे पाणी तिथे चालत नाही. आईचे म्हणणे, आमच्या घरची सगळी मुले गुटीवरच वाढली. मग आपले काय धरायचे, त्यांचे काय धरायचे आणि सोबत काय न्यायचे?

आधी एक गैरसमज दूर करू. कागदावरचा सल्ला दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे: जन्मल्यावर लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या तासात, अंगावर घ्या. सुमारे सहा महिने फक्त आईचे दूध द्या, मग वरच्या अन्नाबरोबर पुढे चालू ठेवा. फरक घरात पडतो. ब्रिटनच्या २०१० सालच्या पाहणीत ८१ टक्के आयांनी अंगावर पाजायला सुरुवात केली होती, पण सहा महिन्यांनी थोडेफार तरी पाजणाऱ्या ३४ टक्केच उरल्या, आणि सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध मिळालेली बाळे एक टक्का. भारतात २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांना फक्त आईचे दूध मिळत होते, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच. म्हणजे आपल्याकडे सुरुवात अडखळते पण पुढे निभावते. तिकडे सुरुवात होते आणि दीड-दोन महिन्यांत सुटते.

कारणे दोन्हीकडे माणसांची आहेत. तिकडे बाळंतीण एक-दोन दिवसांत, कधी त्याच दिवशी घरी येते. मिडवाइफ, म्हणजे तिथली प्रशिक्षित सुईण, घरी येऊन पाहते, पुढे हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळाची वाढ पाहणारी नर्स, येते, पण रात्री अडीच वाजता बाळ रडते तेव्हा त्या घरात नवराबायकोच असतात, आणि नवऱ्याची रजा दोन आठवड्यांत संपते. आपल्याकडे माहेरी सव्वा महिना माणसांची वाण नसते, पण पहिल्याच दिवशी ‘दूध उतरले नाही’ हा निकाल लागतो आणि वाटी-चमचा बाहेर येतो. तुमच्या जाण्याचा खरा उपयोग इथे आहे. माणूसबळ तुम्ही घेऊन जाताय. तो निकाल मात्र लावू नका.

पहिले तीन दिवस सगळ्यात महत्त्वाचे, म्हणून त्यावर जरा थांबतो. पहिल्या दिवशी येतो तो चीक. पिवळसर, घट्ट, आणि प्रमाण इतके थोडे की पाहणाऱ्याला वाटते काहीच नाही. पण बाळ एका वेळेला चमचाभर, म्हणजे पाचेक मिलिलिटर पिते, आणि तेवढे पुरते. खरा पान्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो, सिझेरियननंतर आणखी एखादा दिवस मागेपुढे. गोव्यात पाचातली दोन बाळंतपणे सिझेरियनने होतात, त्यामुळे ही उशिराची काळजी इथे घरोघरी दिसते. त्या मधल्या काळात साखरपाणी किंवा गूळपाणी दिले की बाळाचे पोट भरते, ते चोखत नाही, आणि चोखले नाही तर शरीराला दूध बनवायचा निरोपच जात नाही. इंग्लंडमध्ये साखरपाणी कोणी देत नाही, पण रात्री थकलेल्या आईला पावडरच्या दुधाची बाटली सुचवली जाते. नुकसान तेच, वाटी तेवढी वेगळी. वरचे दूध खरोखर लागते असे प्रसंग आहेत: जन्मवजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त घट, रक्तातली साखर उतरणे, काविळीने सुस्त पडलेले बाळ. तेव्हा डॉक्टर सांगतील ते ऐकायचे, पण आधी आईचेच काढलेले दूध चमच्याने द्यायचे आणि कमी पडेल तेवढेच वरचे. तिकडे एक चांगली पद्धत आहे. गरोदरपणात मधुमेह असेल तर ३६व्या आठवड्यानंतर मिडवाइफला विचारून आई हाताने चीक काढते आणि एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरून गोठवून ठेवते. लेकीला साखरेचा त्रास असेल तर आजच विचारायला सांगा.

आता पकड, म्हणजे बाळाने स्तन तोंडात नीट धरणे. बाळ आडवे धरले की त्याचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी. मान वळवून गिळणे अवघड जाते. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणा, तोंड नव्हे. स्तनाग्र वरच्या ओठाला लागले की बाळ मान किंचित मागे टाकून मोठा आ करते. त्याच क्षणी बाळाला छातीकडे घ्यायचे. आईने बाळावर वाकायचे नाही. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या ओठाकडे जास्त दिसतोय, गालाला खळी पडत नाही, आणि दोन-तीन वेळा चोखून एकदा गिळल्याचा आवाज येतोय, तर पकड बरोबर. आपल्या बायका मदत म्हणून बाळाचे डोके मागून दाबतात. ते करू नका, डोके दाबले की बाळ उलट ताणून मागे जाते. तळवा पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये ठेवा. तसेच दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरला तर बोटे काळ्या भागावर येतात आणि बाळाला पुरेसे तोंडात घेता येत नाही. अंगठा वर आणि चार बोटे खाली, छातीजवळ, असा हात ठेवायला सांगा. सुरुवातीच्या काही सेकंदांनंतरही कळ येत राहिली तर करंगळी बाळाच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवून सोडवायचे आणि पुन्हा लावायचे. दात आवळून, कळ सोसत पाजत राहिले तर दुसऱ्या दिवशी चिरा पडतात. बाळ सुटल्यावर स्तनाग्र चपटे, तिरके दिसले तर पकड उथळ होती असे समजा.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. संध्याकाळी सहा ते दहा बाळ दर अर्ध्या तासाला मागते, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास तर जास्तच. ती मागणी दूध वाढवण्यासाठी असते, दूध आटल्याची खूण नव्हे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे हे साधारण. खरी खूण लंगोटात असते. पहिल्या दिवशी निदान एकदा ओले, दुसऱ्या दिवशी दोनदा, असे वाढत पाचव्या दिवसानंतर सहा किंवा अधिक. काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. सुती लंगोट मोजायला सोपे. डायपर सगळे शोषून घेतो, म्हणून कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात तोलून पाहा, तेवढे जड झाले तर ते एक ‘ओले’. वजन पहिल्या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत उतरले तर घाबरू नका. दोन आठवड्यांत जन्मवजनावर यायला हवे, आणि पुढे तीन महिने आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम वाढावे. तिकडे ते बाळाच्या आरोग्याच्या लाल वहीत नोंदवतात, ती वही तुम्हीही पाहत जा. गोव्यात हेच काम आशाताई करतात, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी.

गुटीबद्दल. मध वर्षाच्या आत नको, थेंबभरही नको. त्यात बोटुलिझमच्या, म्हणजे अंग लुळे करणाऱ्या विषबाधेच्या, जंतूंचे बीज असू शकते, घरी उकळून ते मरत नाही, आणि लहान बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करते. आधी बद्धकोष्ठ, मग रडणे क्षीण, चोखणे ढिले, मान लुळी अशा क्रमाने लक्षणे दिसतात. गुटीतले हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ सहाणेवर किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरते, म्हणजे मात्रा रोज वेगळी. जायफळाने बाळ गुंगते. आजीला वाटते शांत झोपले, पण ते दोन वेळचे पिणे चुकवते, स्तन भरलेले राहतात, आणि भरलेला स्तन दूध कमी बनवायला लागतो. आठ-दहा दिवसांनी ‘दूध कमी पडते’ ही तक्रार येते तेव्हा गुटीचा कोणी विचारही करत नाही. त्यात सहाण, पाणी, हात यांतून जंतू जातात ते वेगळेच. मुले गुटीवर वाढली हे खरे, पण ती अंगावरच्या दुधावर वाढली. गुटी सोबत होती. म्हणून गुटी, ग्राइप वॉटर, काजळ बॅगेत भरू नका. पाण्याचेही तसेच. मे महिन्यातल्या गोव्यातसुद्धा सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी लागत नाही, आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असते. गरमीत आईला जास्त पाणी द्या आणि बाळाला जास्त वेळा पाजा.

बाळंतिणीच्या खाण्यात मात्र आपली रीत तिकडच्यापेक्षा सरस आहे, आणि हे मी मनापासून म्हणतो. तिथे ‘सगळे समतोल खा’ असे सांगतात, पण ताट वाढून देणारे कोणी नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पहिले सहा महिने आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. उकड्या तांदळाची पेज, मेथ्यांची पेज, नारळाच्या रसातले नाचणीचे तिजान, हळिवाचा आणि डिंकाचा लाडू यांतून त्या सहज भरतात. तूप आणि दुधाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, म्हणून डिंक, हळीव, खारीक, मेथ्या कोरड्या न्या आणि लाडू तिथे वळा. एक लाडू सकाळी, एक संध्याकाळी पुरे. मेथ्या-हळिवाने दूध वाढते याचा पुरावा तसा कच्चा आहे, पोषण होते हे पक्के आहे. दूध वाढते ते बाळाने चोखल्याने. लेकीला थायरॉइडचा त्रास असेल किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर मेथ्या डॉक्टरांना विचारून. आपल्या रीतीत दोन गोष्टी चुकतात: पाणी मोजून देणे आणि भाज्या, फळे, डाळी ‘बाळाला बाधतात’ म्हणून बंद करणे. त्याने बाळाचे पोट राहते तिथेच, आईला मात्र बद्धकोष्ठ होते आणि टाके दुखतात.

मासळीही बंद करायचे कारण नाही. तारले, बांगडे उत्तम. तेलकट मासा आठवड्यातून दोनदा ही तिथल्या आरोग्यसेवेची मर्यादा पाळा. किनाऱ्यावरच्या काही घरांत दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला मोरी देतात. मोरी म्हणजे शार्क, मोठ्या शिकारी माशात पारा साठतो, म्हणून तो आठवड्यातून एकदाच्या वर नको. इथल्या लहान मोऱ्यांत पारा मोठ्यांपेक्षा कमी असतो, तरी रोजचा रतीब बरा नाही.

स्तन दगडासारखे झाले तर आपल्याकडे गरम शेक आणि जोराने चोळणे चालते. यात तिकडचा आताचा सल्ला ऐका. सूज ही सूज असते, चोळल्याने आतली नाजूक ऊती दुखावते आणि सूज वाढते. पाजण्याआधी काळ्या भागाभोवती बोटांच्या टोकांनी मिनिटभर हलके आत दाबा म्हणजे बाळाला पकडता येईल, पाजून झाल्यावर थंड फडके ठेवा, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चालते. दूध पूर्ण उपसून काढायच्या मागे लागू नका, जेवढे उपसाल तेवढे जास्त येईल. लाल चट्टा आणि ताप चोवीस तासांत उतरला नाही तर डॉक्टर. पाजणे थांबवायचे नाही, त्या बाजूनेही नाही.

दूध काढून ठेवण्याचे नियम मात्र डोळे झाकून एका देशातून दुसऱ्या देशात नेऊ नका. तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला चार अंश सेल्सियस किंवा त्याखालच्या फ्रिजमध्ये आठ दिवसांचा आहे, उणे १८च्या फ्रीजरमध्ये सहा महिन्यांचा. हा सल्ला अखंड वीज असलेल्या थंड घराला धरून आहे. बाहेर ठेवायची चार तासांची मुदत २५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे. गोव्यात एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३२-३३ अंशांवर असते. लेक उन्हाळ्यात बाळाला घेऊन आली तर बाहेर तासाभरापेक्षा जास्त नको, फ्रिजमध्ये चोवीस तास, आणि दाराच्या कप्प्यात नाही, मागच्या भिंतीकडे. पावसात वीज गेली आणि गोठलेले दूध पूर्ण वितळले तर ते पुन्हा गोठवायचे नाही, त्याच दिवशी संपवायचे.

पावडरचे दूध द्यावेच लागले तर दोन्ही देशांत कृती एकच. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी ७० अंशांहून गरम हवे: एक लिटर ताजे पाणी उकळा, अर्ध्या तासाच्या आत वापरा. आधी पाणी मोजा, मग डब्यातल्याच चमच्याने सपाट चमचे. एका कंपनीचा चमचा दुसऱ्या डब्यात नको. पुरवठ्याला यावे म्हणून पातळ केलेल्या दुधाने बाळ वाढत नाही, घट्ट केलेल्याने मूत्रपिंडावर ताण येतो. मग वाहत्या पाण्याखाली निववून मनगटावर थेंब टाकून पाहा. पाजायला घेतल्यापासून तासाभराने उरलेले फेकायचे. तिथल्या दुकानात ‘टप्पा दोन’चे (सहा महिन्यांपुढच्या बाळांसाठीचे) डबे आणि त्यांच्या जाहिराती दिसतील, ते गरजेचे नाहीत. पहिल्या टप्प्याचे दूध पुरे, आणि कायद्याने सर्वांची घडण सारखी असल्याने महाग डब्यात जास्त काही नसते. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने आणि २००३च्या दुरुस्तीने दोन वर्षांखालच्या अन्नाची जाहिरातच बंद आहे, डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. या बाबतीत आपला कायदा जास्त कडक आहे आणि तो बरोबर आहे. वरचे दूध द्यायला घरातले बोंडले (चोचीची छोटी वाटी) असेल तर जरूर न्या. बाळाला जवळजवळ बसते धरा, चोच खालच्या ओठावर टेकवा आणि त्याला जिभेने ओढू द्या. घशात ओतायचे नाही. चोचीतून बारीक ब्रश फिरवून धुवा आणि दहा मिनिटे उकळा.

ड जीवनसत्त्व दोन्हीकडे रोज द्यायचे. तिथे ८.५ ते १० मायक्रोग्रॅम लिहिलेले असते, इथे ४०० युनिट. १० मायक्रोग्रॅम म्हणजेच ४०० युनिट. गोव्यात ऊन भरपूर असले तरी तान्हे बाळ घरातच असते. इथल्या थेंबांच्या बाटल्यांत मिलिलिटरला ४०० आणि ८०० अशा दोन ताकदी मिळतात, लेबल वाचल्याशिवाय ड्रॉपर भरू नका.

रात्री बाळ कुठे झोपते यावर लेकीशी वाद होईल. तिथे पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत पण स्वतःच्या पाळण्यात, पाठीवर, हा नियम आहे. आपल्याकडे कुशीत. कुशीत घेतलेच तर टणक गादी, बाळाजवळ उशी-रजई नाही, घरात सिगारेट नाही, दारू किंवा झोपेचे औषध घेतलेले कोणी शेजारी नाही, आणि वेळेआधी किंवा अडीच किलोखाली जन्मलेले बाळ तर मुळीच नाही. सोफ्यावर बाळ घेऊन डुलकी काढणे सगळ्यात धोक्याचे. इंग्लंडच्या थंडीत जाड रजया असतात, तिथे पाळणाच बरा.

उष्टावण सहा महिन्यांनीच, मुहूर्त आधीचा निघाला तरी. नाचणीचे सत्त्व इथून न्यायचे तर दोन प्रकार ओळखा. भिजवून वाटून, फडक्यातून पिळून तळाशी बसलेला पांढरा साका वाळवला की ते नुसते पिष्ट. लोह आणि कॅल्शियमचा मोठा भाग चोथ्याबरोबर जातो. मोड आणून दळलेले पीठ त्यापेक्षा चांगले. नाचणी रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधा. गोव्यात दिवसभरात मोड येतात, स्विंडनच्या हिवाळ्यात दोन दिवसही लागतील. पांढरे टोक दिसले की पसरून खडखडीत वाळवा, मंद भाजा, दळा, बारीक चाळा. पावसाळ्यात हे करू नका, नीट वाळत नाही आणि बुरशी धरते. कुबट वास आला तर सरळ टाका. मोडांमुळे खीर पातळ राहते, म्हणून तेवढ्याच चमच्यात जास्त पीठ मावते. बाळाचे पोट लहान असल्याने याचा मोठा फायदा. एक मोठा चमचा पीठ दीडशे मिलिलिटर गार पाण्यात कालवून सात-आठ मिनिटे शिजवा, वर थोडे तूप. चमचा तिरका केला तर लगेच ओघळू नये इतपत घट्ट. वर्ष होईपर्यंत मीठ, साखर, गूळ नाही. तिजानात गूळ घालायचा तो आईच्या वाट्यात. सुरुवात दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी.

हातात गाजर देण्याची तिथली पद्धत वाईट नाही, गाजर दोन बोटांत चिरडेल इतके शिजलेले हवे आणि बाळ आधाराने ताठ बसायला हवे. घशाशी आले की बाळ लाल होते, आवाज करते, स्वतः बाहेर काढते. तेव्हा बोट घालू नका. आवाज बंद आणि चेहरा निळसर, तर ते अडकले आहे. बाळाला पालथे, डोके खाली करून हातावर घ्या, खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापट्या; निघाले नाही तर उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब, आणि लगोलग मदतीला फोन. हे तुम्ही परत यायच्या आधीच दोघींनी एखाद्या बाहुलीवर करून पाहा. शेंगदाण्याचे मऊ लोणी अर्धा चमचा खिरीत मिसळून सहाव्या महिन्यानंतरच सुरू करतात, तेही योग्य. २०१५ साली लंडनच्या ‘लीप’ अभ्यासात ज्यांना धोका जास्त होता अशा बाळांत लवकर सुरुवात केल्याने शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी घटली. अंगावर जुनाट इसब असेल तर आधी डॉक्टर. अंडे आणि मासाही तेव्हाच. आपल्याकडे पहिली मासळी म्हणून मुडदुशी देतात ती निवड चांगली आहे. वाफवून काटे बोटांनी चाचपत काढा, आणि पहिल्यांदा सकाळी द्या, म्हणजे पुरळ किंवा उलटी आली तर दिवसाउजेडी दवाखाना गाठता येतो.